आठव्या दिवसाचं पाणी

जगात माणसाला खरी शांती एकाच क्षणी लाभते: आपलं काम संपलं, असं तो स्वतःहून जाहीर करतो तेव्हा.

हे वाक्य माझं आहे. दर रविवारी, एकोणतीस वर्षं चाललेल्या माझ्या विनोदी सदराच्या शेवटच्या लेखाची सुरुवात मी त्याने केली होती. त्यावर चार दिवस घालवले होते. पुढे लेखात मी शहराचा निरोप घेतला, आजवर ज्यांना ज्यांना टोचलं त्यांची माफी मागितली, आणि माफी मागता मागता आणखी सात जणांना टोचून घेतलं. पुढच्या रविवारी माझ्या जागेवर मुगाच्या आप्प्यांची कृती छापून आली. पेपरवाल्यांनी माझं नाव काढलं, फोटो काढला, खालचा मोबाईल नंबर मात्र काढायचा विसरले. सकाळी सव्वाआठला पहिला फोन आला. मी घसा साफ केला. बाई म्हणाल्या, "सगळं नीट दिलंय हो, पण रवा किती घ्यायचा ते लिहिलंच नाही."

त्या दिवशी अकरा फोन आले. माझ्या लेखाला कधी चारच्या वर आले नव्हते. पाचव्या फोनपर्यंत मी चिडत होतो. सहाव्यापासून सुलेखाला विचारून वाटीचं प्रमाण सांगू लागलो.

सुलेखा माझी बायको. बिडकीनकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होती, माझ्या दोन वर्षं आधी निवृत्त झाली. तिच्या निवृत्तीचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही, कारण येताना ती शाळा घरी घेऊन आली. फ्रिजवर वेळापत्रक लागलं. माझी निवृत्ती मात्र मला लागू पडेना. बुधवार हा माझा लिहायचा वार. बुधवारी पहाटे डोळा उघडला की डोक्यात वाक्यं तयार असायची, लग्नाच्या गाडीत चढून बसलेल्या वऱ्हाडासारखी, आणि गाडी तर रद्द झालेली. त्यांना उतरा म्हणायचं कसं? मी ती वाक्यं सुलेखाला ऐकवायचो. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "बरं. पुढं?" पुढे काही नसायचं. विनोदाला पुढं नसतं, हे मी तिला एकोणतीस वर्षांत समजावू शकलो नाही.

मी फिरायला जाऊन पाहिलं. बागेत माझ्या वयाची माणसं मोठ्याने हसण्याचा व्यायाम करत होती, कारण नसताना. ज्याने उभा जन्म लोकांना हसायला कारण पुरवण्यात घालवला, त्याला ते दृश्य सहन होण्यासारखं नव्हतं. मग पुण्याहून जावई अतुलने माझ्या मोबाईलमध्ये ध्यानाचं अॅप घालून दिलं. त्यातली बाई मधाळ आवाजात सांगायची, विचार येऊ द्या, विचार जाऊ द्या. माझे येत होते. जायला तयार नव्हते, कारण त्यांना छापून जायची सवय. तीन आठवड्यांत मी दूधवाल्याशी, बँकेतल्या शिपायाशी आणि त्या अॅपमधल्या बाईशी भांडलो. शेवटी सुलेखाने वेळापत्रकात माझ्या नावाचा रकाना काढला आणि त्यात लिहिलं: पाणी.

आता हे बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. आमच्या गल्लीत ते आठव्या दिवशी येतं, दुपारी दोन ते पाचच्या मधे कधीतरी, आणि पाऊण तास राहतं. मोतीराम नावाचा माणूस मोपेडवर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी आडवी बांधून येतो आणि गल्लीच्या तोंडाशी वॉल्व्ह उघडतो. आधी नळातून नुसती हवा येते. मग पाच-सात मिनिटं गढूळ येतं, ते जाऊ द्यायचं. मग अंगणातला हौद भरायला लावायचा, आणि हौदातून वरच्या टाकीत चढवायला मोटार. मोटार लवकर लावली तर जळते, उशिरा लावली तर पाणी जातं. म्हणजे कुणीतरी एकाने घरी थांबून कान नळाकडे लावून बसायचं असतं. एकोणतीस वर्षं ते कुणीतरी सुलेखा होती. शाळेतून रजा टाकून यायची. माझं उत्तर ठरलेलं असायचं: "आज लेख आहे." पाणी आठव्या दिवशी, म्हणजे वार दर खेपेला एक पुढं सरकणार, पण पाण्याबरोबर माझा लिहायचा वारही पुढं सरकतो, हे तिच्या ध्यानात यायला अकरा वर्षं लागली. ध्यानात आल्यावरही ती बोलली नाही. आता रकाना भरताना तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्यात सगळं आलं.

पहिल्या दोन खेपा मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. दर दोन मिनिटांनी नळ उघडून पाहायचा, कान लावायचा, बंद करायचा. तिसऱ्या खेपेला शेजारच्या ओट्यावरून आवाज आला.

"सायेब, नळाला ताप आलाय का?"

ही बानाबाई. आमच्या शेजारचं घर कडुबाने घेतलं, तो वाळूजच्या एका कंपनीत आहे. ही त्याची आई. लासूर स्टेशनच्या पुढं वस्तीवर साठ वर्षं मेंढरांमागे काढली. तीन वर्षांपूर्वी मेंढरं विकली आणि कडुबाने तिला इथं आणलं. तेव्हापासून ती कडुनिंबाच्या सावलीतल्या ओट्यावर बसून असते.

"पाण्याची वाट बघतोय," मी म्हणालो.

"वाट बघायची तर बसून बघा. उभं ऱ्हायलं म्हणून काय लौकर येतं व्हय?"

मी जाऊन बसलो. बसल्यावर ओळख करून द्यावी म्हणून थांबलो, म्हणजे तिने विचारावं म्हणून. तिने विचारलं, "तुमी काय करता?"

"लिहायचो."

"कचेरीत?"

"पेपरात."

"कुणाचं काय लिवायचं?"

"सगळ्यांचंच. लोकांच्या चुका काढायचो. हसत हसत."

बानाबाईने थोडा विचार केला. "अन मंग? सुधारले का?"

"नाही."

"आता सोडलं का ते?"

"सोडलं."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि तंबाखूची डबी उघडली. माझ्या एकोणतीस वर्षांचं एवढं थोडक्यात परीक्षण कुणी केलं नव्हतं, आणि केलं असतं तर मी त्याच्यावर लेख लिहिला असता.

बानाबाई मोजते. गल्लीतून कोण बाहेर गेलं, कोण आत आलं, याचा तिच्याकडे सकाळपासूनचा हिशेब असतो. "एकुणीस गेले, सतरा आले," ती सांगते. आणि उन्हं उतरली तरी ते दोन आले नाहीत, तर तिला चैन पडत नाही. एकदा चौथ्या घरातली रूपा क्लासहून उशिरा आली तेव्हा बानाबाईने तिला रस्त्यातच झापलं. रूपा मला म्हणाली, "काका, ये आजी मेरेको क्यूं चिल्लाती?" मी म्हणालो, "तू तिची आहेस, बाळा. तुला माहीत नाही एवढंच."

ओट्यावर बसण्याचा मला आधी त्रासच झाला. बानाबाई एक वाक्य बोलायची आणि मग वीस मिनिटं गप्प. मी मधे काहीतरी बारीक, टोकदार बोलायचो. ती "व्हय" म्हणायची. विनोद केल्यावर समोरचा हसला नाही तर सहन होतं; समोरचा "व्हय" म्हणाला तर काय करायचं, याची मला सवय नव्हती. एकदा मी तिला विचारलं, "मेंढरं चरायला सोडली की दिवसभर तुम्ही काय करायचात?"

"बसायचं."

"नुसतं?"

"मंग काय त्यांच्यासंगं चरायचं?"

मी घरी येऊन सुलेखाला हे सांगितलं. ती इतकी हसली की भाजी करपली. माझ्या वाक्यावर ती असं कधी हसली नव्हती, आणि हे मी तिला बोलून दाखवलं, आणि मग दोन दिवस आमच्यात पाणी सोडून दुसरा विषय झाला नाही.

पाचव्या की सहाव्या खेपेची गोष्ट. दुपारचे तीन. समोरून एक माणूस स्कूटरवर पुढं गॅसची टाकी, मागं बायको आणि बायकोच्या मांडीवर टीव्ही घेऊन गेला. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. उपमा नाही, शीर्षक नाही, शेवटचा टोला नाही. माणूस आला आणि गेला. कडुनिंबाची पानं हलत होती, ती हलत होती. मी घाबरलो. माझ्या एका मित्राला झटका आला होता तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दोन्ही हात वर करता येतात का पाहायचं आणि हसून पाहायचं. मी दोन्ही हात वर केले आणि हसलो.

"काय झालं सायेब? आंग आखडलं?" बानाबाईने विचारलं.

"नाही. बरं वाटतंय."

"मंग हात खाली घ्या. लोक बघत्यात."

शांतच वाटत होतं, यात शंका नाही. मी त्या अॅपमधल्या बाईला मनातल्या मनात माफ केलं. पाणी आलं, मी शांतपणे उठलो, गढूळ जाऊ दिलं, हौद भरला, टाकी भरली. आणि मग चूक केली. हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे म्हणून टेबलाशी बसलो आणि लिहायला घेतलं. तीन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत टोमणा आला. टोमणा आला तशी शांती गेली, ती पुढच्या आठव्या दिवसापर्यंत फिरकली नाही. पुढच्याही खेपांना तेच. ओट्यावर असेपर्यंत असायची, उंबऱ्यातून आत आलो की नसायची. शहरात एक पाणीच आठव्या दिवशी मिळत होतं, आता माझी शांतीही त्याच वेळापत्रकात जाऊन बसली. या गोष्टीचा मला जो संताप आला, तो मी कुणापुढं मांडायचा? सदर तर बंद होतं.

एप्रिलच्या शेवटी आमच्या नातीचं नामकरण ठरलं. सुकेशनी आणि अतुल यांना लग्नानंतर सात वर्षांनी झालेली मुलगी. सुलेखाने ही सात वर्षं कशी काढली ते मला माहीत आहे, कारण ती त्याबद्दल एकदाही बोलली नव्हती. आता तिने ठरवलं, की नामकरण आपल्याच अंगणात, पाच भन्तेजींना, म्हणजे विहारातल्या भिक्खूंना, भोजनदान, शंभर माणसं, आणि बाहेरून काही मागवायचं नाही, सगळं घरच्या हाताचं. वार रविवार. भन्तेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हा त्यांचा नियम. म्हणजे विधी आटोपून बाराच्या आत त्यांचं जेवण झालंच पाहिजे; म्हणजे स्वयंपाक पहाटे सुरू झाला पाहिजे; म्हणजे आदल्या दिवशी हौद आणि टाकी काठोकाठ पाहिजे. आणि आदला दिवस, शनिवार, बरोबर पाण्याचा. सुलेखाने पंचांग पाहिलं नव्हतं. तिने मोतीरामला फोन करून तारीख ठरवली होती.

फ्रिजवर नवा कागद लागला. सगळ्यांच्या नावापुढं पाच-पाच, सहा-सहा कामं. माझ्या नावापुढं तोच एक शब्द, खाली दोन रेघा मारलेल्या.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच करा," सुलेखा म्हणाली.

शनिवारी ती आणि सुकेशनी बाळाला घेऊन औरंगपुऱ्यात खरेदीला गेल्या. हौदात बोटभर पाणी होतं, टाकीत तेवढंही नाही. मी दोनला ओट्यावर जाऊन बसलो. बानाबाईने सरकून जागा दिली. तीनच्या सुमाराला मोतीराम आला, मोपेड न थांबवताच म्हणाला, "जय भीम सर. आज प्रेशर कम है, चाळीस मिनिटं देतो. जेवढं घेता येईल तेवढं घ्या."

मी हात वर करून त्याला आशीर्वाद दिल्यासारखं केलं.

ऊन चढलेलं होतं, पण सावली दाट होती. बाहेर अकरा गेले होते, आत आठ आले होते. मला आतून इतकं निवांत वाटत होतं, की आजवरच्या सगळ्या खेपा ही नुसती तालीम वाटावी. बानाबाईच्या नळातून हवेचा फुस्स आवाज आला. मग कडुबाची मोटार घरघरू लागली. मी झोपलो होतो असं नंतर सुकेशनी सगळ्यांना सांगत होती, ते खोटं आहे. मी टक्क जागा होतो. मोटारीचा आवाज मी ऐकला. पाणी आलं, असा विचार माझ्या मनात आला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, ती अॅपमधली बाई सांगायची तसा, तो विचार गेला.

एक खार फांदीवरून उतरून कुंपणावर आली. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

चाळीस मिनिटांनी मोतीराम परतला, वॉल्व्ह बंद केला, चावी बांधली. "झालं ना सर?"

मी मान हलवली. सगळं छानच झालं होतं. त्याची मोपेड कोपऱ्यावर वळली, आणि तिच्या मागोमाग माझी शांतीही वळून गेली.

मी उठून धावलो. नळ उघडला. नळाने एक थेंब दिला, तोही विचार करून.

"बानाबाई," मी कुंपणावरून म्हणालो, "तुम्ही मला सांगितलं नाही?"

"काय?"

"पाणी आलं म्हणून."

"तुमाला ठावं नव्हतं?" ती खरोखर चकित झाली. "आमची मोटार वाजत व्हती की. मला वाटलं तुमचं भरून झालंय. एरवी माकडावानी उड्या मारता. आज इतकं निवांत बसला व्हता, म्हनलं, लीलाबाईनं लावली आसंल."

लीलाबाई म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येते ती. ती शनिवारी येत नाही.

सुलेखा यायला दोन तास होते. मी टँकरवाल्याला फोन केला. त्याच्याकडे लग्नं होती, रविवारी चारनंतर टँकर मिळेल म्हणाला. मी म्हणालो, आमच्याकडे भन्तेजी बाराच्या आत जेवतात. तो म्हणाला, "सर, तुम्ही आमच्या टँकरवर लेख लिहिला होता ना? गळका गजराज?"

"तुम्ही वाचला होता?"

"माझ्या पोरीने शाळेत वाचून दाखवला, सर. वर्गासमोर. चारनंतर बघतो."

दुसऱ्या गल्लीत पुंजाराम राहतात, सरकारी अभियंता होते, अंगणात बोअर आहे. त्यांनी आमच्या रस्त्यावर तीस पावलांत चार गतिरोधक घातले तेव्हा मी त्यांच्यावर दोन रविवार खर्च केले होते. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. निदान मी तरी पाहत नव्हतो. उन्हात त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो तेव्हा काय काय ऐकून घ्यावं लागेल याची मी यादी करून ठेवली होती. पुंजारामांनी दार उघडलं, खुर्ची दिली, सरबत दिलं.

"त्या लेखाबद्दल," मी सुरुवात केली, "तेव्हा जरा जास्तच झालं असेल."

"कोणता लेख?"

"गतिरोधकांचा. माझा. पेपरातला."

"मी तो पेपर घेत नाही," पुंजाराम म्हणाले. "तुम्ही लिहिता का? छान. छंद पाहिजे माणसाला."

सतरा वर्षं मी ज्याची नजर चुकवत होतो, त्याची माझ्यावर नजरच नव्हती. मी सरबत संपवलं आणि पाणी मागितलं. बोअर होळीलाच आटली होती. सरबताचं पाणी जारचं होतं.

घरी आलो तर सुलेखा आलेली होती. पिशव्या दारातच होत्या. ती जिन्यावर उभी राहून काठीने टाकीला खालून ठोकत होती. रिकाम्या टाकीचा आवाज सगळ्या गल्लीला कळतो.

"मोटार बिघडली का?" तिने विचारलं. मला वाचवायला तिने स्वतःच कारण पुढं केलं होतं. मी तेवढंही घेऊ शकलो नाही.

"नाही. मी लावलीच नाही."

"कुठं होता?"

"ओट्यावर. मला शांत वाटत होतं."

सुलेखा जिन्याच्या पायरीवर बसली. तिने काठी बाजूला ठेवली. ओरडली असती तर मी ओरडलो असतो. ते आम्हाला येतं. ती म्हणाली, "एवढी वर्षं तुम्हाला कधी शांत वाटलं नाही. रविवारी रागात, सोमवारी रागात. मी म्हणायची, जाऊ दे, लिहितायत. आणि शांत वाटायला तुम्हाला आजचाच दिवस मिळाला?"

डोक्यात एकही वाक्य तयार नव्हतं. सुकेशनी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आई, कार्यक्रम विहारात घेऊ. नाहीतर पुढं ढकलू." सुलेखाने नुसती मान हलवली. ते हो होतं की नाही, कळेना. सात वर्षं मी पाहिलेली गप्प सुलेखा तीच होती.

मी पुन्हा कुंपणाशी गेलो. बानाबाईचं घर गल्लीत सगळ्यात उताराला आहे. पाणी आलं की पहिल्यांदा तिच्या नळाला, जोरात, आणि वॉल्व्ह बंद झाल्यावरही पाइपातलं उरलंसुरलं तिच्याच हौदात. ओट्यावर ती एवढी निवांत कशी, हे मला त्या क्षणी कळलं. दोन महिने मी तिला मनातल्या मनात गुरू करून बसलो होतो.

"तुमचा हौद भरलेला आहे," मी म्हणालो.

"व्हय."

"म्हणून तुम्हाला घाई नसते."

"मंग? ज्याचा हौद भरलाय त्यानं कशापायी उड्या मारायच्या?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्यामागं जिन्यावर बसलेल्या सुलेखाकडे पाहिलं. मग आत तोंड करून हाक मारली. "कडुबा. आरं ऊठ. पायप काढ आपला. म्होरल्या मास्तरीनबाईच्या हौदात सोड."

कडुबाला रात्रपाळी होती, दुपारचं पाणी भरून तो नुकताच आडवा झाला होता. तो डोळे चोळत आला. "आई, आपल्याला आठ दिवस काढायचेत."

"आपुन दोन मानसं. तिथं उद्या पोरीचं नाव ठेवायचंय. सोड म्हनते ना." आणि मला म्हणाली, "सायेब, आता मोटार तरी लावा. का त्येलाबी कडुबाच पायजे?"

हौद निम्मा झाला. सुलेखाने उभ्या उभ्या वाटणी केली: स्वयंपाकाला एवढं, प्यायला एवढं, बाळाला एवढं. हात धुवायला एक ड्रम. नळांच्या तोंडाला तिने फडकी बांधली आणि कागदावरचा माझा शब्द खोडून नवीन लिहिला: तांब्या. म्हणजे मांडवाच्या कडेला ड्रमापाशी उभं राहायचं, आणि येईल त्याच्या हातावर मोजून अर्धा तांब्या पाणी घालायचं. कुणाला स्वतः बुडवू द्यायचं नाही. "आणि बसायचं नाही," ती म्हणाली. "खुर्ची देऊ नका रे त्यांना कुणी."

रविवारी सगळं वेळेवर झालं. पाच भन्तेजी साडेनऊला आले. त्रिशरण, पंचशील, परित्राण पाठ झाला, बाळाचं नाव ठेवलं, सगळ्यांनी तीनदा साधु म्हणून साधुकार दिला. बानाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत होती. तिने मला लांबून बोटांनी खूण केली, एकशे चार. सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र कुणी मोजलं नाही. माझ्याशी ती सकाळपासून एकदाच बोलली होती, "पावणेअकरा झाले" एवढंच.

अकरा वाजून वीस मिनिटांनी भन्तेजी जेवणाआधी हात धुवायला आले. सगळ्यात पुढं थोरले भन्तेजी, सत्तरीचे, मंद हसणारे. खाली घमेलं ठेवलेलं होतं. त्यांनी दोन्ही हात घमेल्यावर धरले. मी तांब्या भरून घेतला. तेवढ्यात सुकेशनी पुढं होऊन म्हणाली, "भन्तेजी, हे माझे बाबा. आधी फार चिडायचे. लिहिणं थांबलं तसे आता खूप शांत झालेत." तिने हे आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. आदल्या दिवसाची भरपाई ती आपल्या परीने करत होती.

"अरे वा," थोरले भन्तेजी म्हणाले. "फार अवघड गोष्ट. कशी साधली, उपासक?"

सदर बंद होऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत मला रव्याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं. मागं चार भन्तेजी उभे होते, त्यांच्या मागं पाहुण्यांची रांग, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी तांब्या छातीशी धरला आणि म्हणालो, "भन्तेजी, याचे तीन भाग आहेत. माणसाच्या मनाचा मूळ स्वभावच मुळी बोलत राहण्याचा. माझंच उदाहरण घ्या. एकोणतीस वर्षं मी या शहराकडे ज्या दृष्टीने पाहत होतो, ती दृष्टी, तिला आपण पहिला भाग म्हणू..."

वाक्यं येत होती. एकामागून एक, बुधवारच्या पहाटेसारखी. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सुलेखाने मनगट वर करून घड्याळावर बोट ठेवलेलं मला दिसलं. मी तिला मानेने थांब म्हटलं आणि दुसऱ्या भागाकडे वळलो.

थोरल्या भन्तेजींचे हात तसेच घमेल्यावर होते, कोरडे. त्यांनी अगदी आस्थेने माझ्याकडे पाहून मान डोलावली.

"सांगा उपासक, मी ऐकतोय," ते म्हणाले. "फक्त तेवढा तांब्या जरा वाकडा करा."